अंदमान : आठ दिवस, सोबत आई-बाबा. कुठली बेटं धरावीत, कुठली सोडावीत?

मृण्मयी_नाशिक

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात अंदमानला जायचं ठरलंय. विमानाची तिकिटं काढून झाली आणि घोडं तिथेच अडलंय.

आम्ही पाच जण : मी, नवरा, ९ वर्षांची लेक आणि माझे आई-बाबा. बाबा ७४ वर्षांचे, उजवा गुडघा दुखरा. सपाटीवर तासभर आरामात चालतात, जिना मात्र कठडा धरून, एकेक पायरी. आई ठणठणीत आहे, पण तिला साधा घाट लागतो, बोट तर लागणारच.

बाबा मूळचे भगूरचे. सावरकरांच्या वाड्यावरून त्यांची शाळेची वाट होती. "एकदा ती अंदमानातली कोठडी बघायची आहे" हे मी कळायला लागल्यापासून ऐकतेय. त्यामुळे पोर्ट ब्लेअर आणि सेल्युलर जेल पक्कं, त्यात चर्चा नाही. प्रश्न बाकीच्या दिवसांचा आहे.

एका ट्रॅव्हल कंपनीने आठ दिवसांत रॉस, नॉर्थ बे, हॅवलॉक, नील, बाराटांग, जॉली बॉय आणि वर दिगलीपूर असं सगळं बसवून दिलंय. तीन दिवस तर पहाटे तीनला उठायचं आहे. बाबा म्हणाले, "यात झोप कुठल्या बेटावर आहे?"

जाऊन आलेल्यांनी कृपया मनमोकळं सांगा. काय सोडलं तर हळहळ वाटेल, आणि काय सोडलं तर बिघडणार नाही?

साधा_प्रवासी

दिगलीपूर आजच खोडा. बाकीचं नंतर बोलू.

निवांत

साधा_प्रवासी यांना अनुमोदन. दिगलीपूर उत्तर अंदमानच्या टोकाला आहे. पोर्ट ब्लेअरहून रस्त्याने ३०० किलोमीटरच्या वर, मध्ये खाडी ओलांडायची, सगळा दिवस गाडीत जातो. तेवढंच परत यायचं. आठातले दोन दिवस गाडीच्या खिडकीतच संपले.

आम्ही मागच्या वर्षी गेलो होतो. माझा हिशोब सांगतो. दोन बेटांमध्ये हललात की तो दिवस अर्धा गेला असं धरायचं. सामान बांधा, खोली सोडा, जेट्टीवर तासभर आधी पोचा, ओळखपत्रं दाखवा, सामान तपासा, बोट, उतरल्यावर पुन्हा गाडी, पुन्हा खोली. लहान मूल आणि ज्येष्ठ सोबत असतील तर पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील. बास. हॅवलॉकला तीन रात्री, नीलला दोन, पोर्ट ब्लेअरला सुरुवातीची एक आणि शेवटची एक.

शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच ठेवा. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात, आणि विमान काही तुमच्यासाठी थांबत नाही.

बेटवेडा

मला हे पटत नाही. सगळे जण हॅवलॉक-नील करतात म्हणून आपणही तेच करायचं? या द्वीपसमूहात छोटे खडक धरून ८३६ बेटं आहेत!

दिगलीपूरजवळची रॉस आणि स्मिथ ही जुळी बेटं मी पाहिली आहेत. दोन्हींच्या मधे वाळूचा पांढरा दांडा आहे. ओहोटीला त्यावरून चालत या बेटावरून त्या बेटावर जाता येतं, दोन्ही अंगांना समुद्र. भरती आली की दांडा पाण्याखाली. मी गेलो त्या दिवशी आमच्या बोटीशिवाय तिथे कुणी नव्हतं. कालीपूरच्या किनाऱ्यावर रात्री समुद्री कासव अंडी घालताना पाहिलं. वनखात्याचे लोक मंद लाल उजेडात दाखवतात. ती मादी वाळू उकरताना जो उसासा टाकते ना, तो आवाज अजून कानात आहे. ७३२ मीटरचं सॅडल पीक, म्हणजे अंदमानातलं सर्वांत उंच शिखर, तेही तिथेच.

निवांत

बेटवेडा, तुम्ही लिहिलेलं वाचून मलाच जावंसं वाटलं. पण सॅडल पीक गुडघ्याने चढायचं असतं हो, आणि काकांचा एक गुडघा संपावर आहे.

बेटवेडा

:) मान्य. काका-काकूंसाठी नको. पण मृण्मयीताई, पुढच्या वेळी दोघंच जाल तेव्हा लक्षात ठेवा. त्या सहलीला आठवडा फक्त उत्तरेसाठी द्या. रंगत, मायाबंदर, दिगलीपूर असं टप्प्याटप्प्याने जा, रोज तीन-चार तासच प्रवास.

लाटांवर

नावांचा घोळ आधीच सांगून ठेवते, आमची त्यात फसगत झाली होती. रॉस नावाची बेटं दोन आहेत. एक बेटवेडा म्हणतात ते, दिगलीपूरचं. दुसरं पोर्ट ब्लेअरच्या अगदी समोर, बोटीने दहा-पंधरा मिनिटांवर. तिथे इंग्रजांच्या कारभाराचं ठाणं होतं. डिसेंबर २०१८ मध्ये या दुसऱ्या रॉसचं नाव नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं, हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप. सप्टेंबर २०२४ मध्ये खुद्द पोर्ट ब्लेअरचं श्री विजय पुरम. आता तिकिटांवर नवी नावं आणि बोलण्यात जुनी असं चालतं. दोन्ही पाठ करून जा.

माझी ओळख सांगायची राहिली. नवरा नौदलात होता, त्यामुळे पोर्ट ब्लेअरला तीन वर्षं संसार केला आहे. काहीही विचारा.

शब्दवेल्हाळ

थोडं अवांतर. ३० डिसेंबर १९४३ रोजी नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला. त्यांनी अंदमानला शहीद आणि निकोबारला स्वराज अशी नावं दिली होती. आत्ताची नावं त्यावरून घेतलेली आहेत, पण दोन्ही बेटं अंदमानातच आहेत. भगूरच्या काकांना हे नक्की ठाऊक असणार.

मृण्मयी_नाशिक

बाबांना वाचून दाखवलं. "ठाऊक आहे" म्हणाले आणि पुढे अर्धा तास बोलत होते. :)

लाटांवर ताई, तुम्हाला तर सोडणारच नाही. जेलमध्ये जिने किती आहेत? सावरकरांच्या कोठडीपर्यंत बाबांना जाता येईल का?

लाटांवर

कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर, ओळीच्या पार टोकाला आहे. म्हणजे दोन मजले चढायचे, आणि मग लांब व्हरांड्यातून सपाट चालायचं. एका बाजूला कोठड्यांची गजाची दारं, दुसऱ्या बाजूला खाली आवार. जिना दगडी आहे, उद्वाहन नाही. सकाळी उघडल्या उघडल्या जा. ऊन नसतं, गर्दी नसते, काकांना मागून कुणी घाई करणार नाही. मध्ये थांबत थांबत चढले तर नक्की जमेल. माझ्या सासूबाई ७८ व्या वर्षी चढल्या होत्या.

आणि एक करा. वाटाड्या करायचा असेल तर खालचा भाग त्याच्याबरोबर बघा. सात ओळी चाकाच्या आऱ्यांसारख्या मधल्या मनोऱ्याला कशा जोडल्या होत्या, एका ओळीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे का ठेवलं होतं, तो कोलू (कैद्यांना जुंपायचे तो तेलाचा घाणा), हे समजून घ्या. १९०६ मध्ये बांधून झालेल्या त्या सातांपैकी आता तीनच ओळी उभ्या आहेत. कोठडीत मात्र वाटाड्याशिवाय जा. तिथे कुणी बोलायला नको असतं.

साधा_प्रवासी

शेवटच्या वाक्याला अगदी अगदी.

डुबकी

आता पाण्याखालचं. स्कूबासाठी वयाची अट १० वर्षं असते, त्यामुळे लेकीला यंदा नाही. तिला स्नॉर्केलिंग करू दे. हॅवलॉकला एलिफंट बीचवर जातात ते त्यासाठीच. जेट्टीवरून बोटीने २०-२५ मिनिटं. जंगलातून पायवाटही आहे, पण ती तुम्ही नका घेऊ. किनाऱ्यावर उन्मळून पडलेली मोठमोठी झाडं पांढरी पडून आडवी आहेत, ती २००४ च्या त्सुनामीची खूण. सकाळच्या पहिल्या बोटीने जा. अकरानंतर तिथे जत्रा असते.

प्रवाळ २०१० मध्ये पाणी तापल्यामुळे फार मोठ्या प्रमाणात पांढरं पडलं होतं. काही ठिकाणी सावरलं, काही ठिकाणी नाही. म्हणून कळकळीने सांगतो, लेकीला आधीच शिकवा : पाय टेकायचा नाही, हात लावायचा नाही. एक फांदी वाढायला वर्षं लागतात. आणि किनाऱ्यावरचा प्रवाळाचा तुकडा किंवा शंख पिशवीत टाकायचा नाही. विमानतळावर सामान तपासतात, आणि प्रवाळ वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे.

मृण्मयी_नाशिक

जॉली बॉयबद्दल कुणी बोललं नाही. फोटो फार सुंदर दिसतात.

डुबकी

पाणी फोटोसारखंच आहे, त्यात खोटं नाही. वंडूरहून बोट निघते. महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात येतं ते बेट, माणसं मोजून सोडतात. प्लास्टिकची बाटलीसुद्धा नेऊ देत नाहीत आणि ते उत्तमच आहे. अडचण काकांची आहे. बेटाला धक्का नाही. मोठ्या बोटीतून काचेच्या तळाच्या छोट्या होडीत उतरायचं, दोन्ही हलत असतात. त्या होडीतून पुढे किनाऱ्यावर. दुखऱ्या गुडघ्याने ते नको वाटतं.

मृण्मयी_नाशिक

जॉली बॉय खोडलं. नवरा म्हणतोय, "मग निदान बाराटांग ठेवू." चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचा ज्वालामुखी. लेकीला ज्वालामुखी हवाच आहे.

कोकणातला_मी

आम्ही केलं होतं बाराटांग. पहाटे साडेतीनला निघालो, जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांची रांग लागते. ठरलेल्या वेळी पोलीस बंदोबस्तात ताफा सोडतात. पुढे खाडी, मग छोटी बोट. खारफुटीच्या बोळातून ती बोट जाते ना, ते फार आवडलं. डोक्यावर फांद्यांचं छप्पर, पाणी हिरवं काळं. उतरल्यावर दीड-एक किलोमीटर चालायचं आणि मग गुहा. चिखलाचा ज्वालामुखी मात्र लेकीच्या मनातला नाही. राखाडी चिखलाचा बुडबुडा येतो, फुटतो, पुन्हा वाट बघायची.

रानवाट

मी जरा वेगळं सांगणार आहे, आणि राग आला तरी सांगणार आहे.

तो ताफा जातो तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. जारवा मोजके काहीशे लोक आहेत. १९९७-९८ पर्यंत ते बाहेरच्यांपासून लांब होते. त्यानंतर संपर्क वाढला आणि १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ पसरली. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने राखीव क्षेत्रातला हा रस्ता बंद करायचा आदेश दिला होता. रस्ता आजही चालू आहे, कारण उत्तरेकडच्या गावांना त्याच रस्त्याने दवाखाना, बाजार, शाळा गाठावी लागते. त्यांची गरज मला समजते. पर्यटकाची गरज मला समजत नाही.

मी त्या ताफ्यात एकदा बसलो आहे. थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, काही द्यायचं नाही, सगळे नियम चालकाने वाचून दाखवले. तरी झाडीत कुणी दिसलं की गाडीतले सगळे एका बाजूला झुकले. मीही झुकलो. एक बाई मूल कडेवर घेऊन उभी होती आणि आमच्या काचांकडे बघत होती. त्या दिवशी गुहेत काय पाहिलं ते आठवत नाही, ती बाई आठवते. मी पुन्हा त्या रस्त्याने जाणार नाही आणि कुणी विचारलं तर जाऊ नका म्हणतो.

कोकणातला_मी

राग नाही आला, रानवाट. आमच्या गाडीतही तेच झालं होतं. मी लिहिताना ते वगळलं, खरं सांगायचं तर लिहायला जड गेलं. तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

बेटवेडा

गावकऱ्यांच्या बसेस त्याच रस्त्याने जातात, मी दिगलीपूरला त्याच रस्त्याने गेलो. म्हणजे मीही चुकलो का?

रानवाट

चूक-बरोबर मी ठरवणार नाही. पण दिगलीपूर आणि मायाबंदरला समुद्रमार्गे सरकारी जहाजही जातं. वेळ जास्त लागतो, फेऱ्या कमी. बाराटांगलाही समुद्रावरून नेणाऱ्या बोटी आहेत. इच्छा असेल तर वाट आहे.

मृण्मयी_नाशिक

रानवाट, तुमचा प्रतिसाद घरात सगळ्यांनी वाचला. बाराटांग रद्द. नवऱ्याने स्वतःहून खोडलं. लेकीला खरा ज्वालामुखी कुठे आहे ते सांगा, म्हणजे नकाशात तरी दाखवते.

शब्दवेल्हाळ

बॅरन बेट! दक्षिण आशियातला एकमेव जागृत ज्वालामुखी. पोर्ट ब्लेअरच्या ईशान्येला, १३५ किलोमीटरच्या आसपास. उतरू देत नाहीत, लांबूनच. लेकीला सांगा, भारतातला जागृत ज्वालामुखी समुद्रात आहे आणि त्यावर कुणी राहत नाही.

खवय्या_ठाणे

खाण्याचं काय ते कुणी बोललं नाही म्हणून आलो. हॅवलॉक आणि नीलवरची बरीच वस्ती पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची. त्यामुळे बाजारातल्या साध्या खानावळीत बंगाली थाळी मिळते : भात, मसूर डाळ, आलू भाजा आणि माशाचा झोल. मोहरीच्या तेलाची सवय नसेल तर आधी सांगा. तांबोशी आणि सुरमई ताजी फडफडीत. शाकाहारींचे हाल होत नाहीत. नीलवर भाजीपाला भरपूर पिकतो, पोर्ट ब्लेअरला तिथूनच जातो.

आजीच्या_बटव्यातून

मृण्मयी, आईसाठी : बोटीच्या आधी अर्धा तास गोळी (डॉक्टरांना विचारून), पोट रिकामंही नको आणि गच्चही नको. आवळा-सुपारी तोंडात. बसायची जागा खालच्या मजल्यावर, मागच्या बाजूला घे, तिथे हेलकावे कमी.

साधा_प्रवासी

खासगी बोटी वातानुकूलित आणि बंद असतात, दीड-दोन तासांत हॅवलॉक. सरकारी बोट हळू, पण डेकवर उभं राहता येतं. माझ्या बायकोला खासगीत त्रास झाला, सरकारीत वाऱ्यावर उभी राहिली तर काही झालं नाही. क्षितिजाकडे बघत राहायचं.

देवगडकर

हॅवलॉक की नील एवढंच राहिलंय ना आता? मी नीलच्या बाजूचा.

नील एवढंसं आहे, या टोकावरून त्या टोकाला रिक्षाने पाऊण तासही लागत नाही. किनाऱ्यांना नावंही आपल्या ओळखीची : भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर. भरतपूर जेट्टीला लागूनच, पाणी उथळ आणि शांत. काका-काकूंना खुर्ची टाकून बसवा, लेक समोर पाण्यात. सूर्योदय सीतापूरला, सूर्यास्त लक्ष्मणपूरला.

तिथला तो दगडी नैसर्गिक पूल ओहोटीलाच बघता येतो. आम्ही लहानपणी आजोबांकडून शिकलेलो हिशोब : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. हा हिशोब कोकणचा, अंदमानात तसाच्या तसा लागत नाही. तिथल्या वेळा तिथल्या तक्त्यातच बघा. पण अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीला भांग (भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी) हे सगळ्या समुद्रांना सारखंच. उधाणाच्या दिवसांत ओहोटीही खोल जाते, तेव्हा पुलाखालचे खडक पार उघडे पडतात, खळग्यांत समुद्रकाकड्या, खेकडे, रंगीत मासे दिसतात. म्हणून तारखा ठरवताना पंचांग बघा. नीलचे दिवस पौर्णिमेच्या आसपास आले तर लेकीची चैन आहे. काकांनी मात्र त्या शेवाळलेल्या खडकांवर जाऊ नये.

लाटांवर

काय सुंदर लिहिलंय! तीन वर्षं राहून मी कधी पंचांग काढलं नाही.

हॅवलॉकच्या बाजूने मी एकच सांगते, राधानगर. पश्चिमेकडे तोंड, मागे उंच वृक्षांचं जंगल, पुढे पिठासारखी वाळू. उताराची चिंता नाही, काका अनवाणी चालू शकतील. तिथे दोन संध्याकाळी द्या, एक पुरत नाही. वेळेचं भान ठेवा. अंदमान पूर्वेला खूप लांब आणि घड्याळ आपलंच, त्यामुळे जानेवारीत सव्वापाच-साडेपाचला सूर्य बुडतो. नाशिकच्या सवयीने सहाला पोचाल तर अंधार बघाल. आणि मगरींच्या सूचनेचे फलक लावलेले असतात ते गंभीरपणे घ्या. किनाऱ्याच्या कडेच्या खाडीत उतरू नका, जीवरक्षक सांगेल तिथेच पाण्यात जा.

मृण्मयी_नाशिक

झालं, ठरलं. पोर्ट ब्लेअर १, हॅवलॉक ३, नील २, पोर्ट ब्लेअर १. जेल शेवटच्या सकाळी ठेवू की पहिल्या?

निवांत

पहिल्या. ज्या गोष्टीसाठी माणूस जातो, ती हवामानाच्या भरवशावर शेवटी ठेवू नये.

मृण्मयी_नाशिक (फेब्रुवारी)

धागा वर काढतेय. परत येऊन आठवडा झाला. सगळ्यांना मनापासून धन्यवाद.

आईला जाताना बोट लागली, येताना नाही. मागची जागा आणि आवळा-सुपारी. राधानगरला दोन संध्याकाळी दिल्या, लाटांवर ताई, तिसरीही दिली असती. नीलला देवगडकरांच्या सांगण्यावरून पंचांग बघून तिथी जुळवली होती. लेकीने खळग्यात समुद्रकाकडी पाहिली आणि हात मागे बांधून पाहिली, डुबकी यांना सांगा म्हणाली.

जेल. सकाळी दार उघडायच्या आधी पोचलो. बाबा जिना चढले, मध्ये दोनदा थांबले. व्हरांडा संपेपर्यंत काही बोलले नाहीत. बाबा भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेत, आयुष्यभर जमिनी मोजल्या. कोठडीत शिरले आणि आधी टाचेला पंजा लावून भिंतीपासून भिंतीपर्यंत चालले. लांबी, मग रुंदी. "साडेतेरा बाय साडेसात. लिहिलंय ते बरोबर आहे," म्हणाले. मग वरच्या झरोक्याकडे बघत उभे राहिले. आम्ही बाहेर थांबलो. किती वेळ ते मी पाहिलं नाही.

उतरताना त्यांनी कठडा धरला नाही, माझा हात धरला.

लाटांवर

वाचून डोळे भरून आले गं. काकांना नमस्कार सांग.

देवगडकर

माझाही. नीलची तिथी कोणती लागली ते कळव, वहीत नोंदवून ठेवतो.

नवाकोरा_सभासद

छान धागा. आम्हाला मुलांच्या सुट्टीमुळे जूनमध्येच जमतंय. हेच तीन बेटांचं नियोजन चालेल का?

निवांत

जूनमध्ये नैर्ऋत्य मोसमी पाऊस ऐन भरात असतो, बोटी रद्द होण्याची शक्यता बरीच. जायचंच असेल तर दोन बेटं करा, पोर्ट ब्लेअर आणि हॅवलॉक, आणि परतीच्या विमानाआधी पोर्ट ब्लेअरला दोन रात्री राखून ठेवा. त्यापेक्षा दिवाळीची सुट्टी थोडी पुढे ओढून डिसेंबर जमतोय का बघा.